जत्रेहून आणलेल्या बोकडाच्या कातड्याचे केस का झडतात?

नवसाचा बोकड कापल्यानंतर त्याचे कातडे केसांसह कमावून बैठकीसाठी किंवा आठवण म्हणून घरात ठेवण्याची इच्छा नाशिक परिसरातील अनेक कुटुंबांत असते. जत्रांच्या हंगामात त्याविषयीची एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. कातडे घरी आणले तेव्हा चांगले दिसत होते, मीठही लावले होते, मग कमावायला दिल्यावर पोटाकडचे आणि काखेतले केस मुठीमुठीने कसे निघाले? दोष बहुधा कमावणाऱ्याला दिला जातो; त्याने कातडे फार वेळ भिजत ठेवले किंवा तुरटीचे प्रमाण चुकवले, असे म्हटले जाते. क्वचित ते खरेही असते. मात्र माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक कातड्यांचे नुकसान कमावणाऱ्याच्या हाती पोहोचण्यापूर्वीच झालेले होते, आणि तेही घरी नव्हे, तर जत्रेच्या ठिकाणी, बोकड सोलल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत. केस कुठे झडले आणि कसे झडले हे नीट पाहिले, तर चूक कोणत्या टप्प्यावर झाली ते बरेचसे सांगता येते.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. येथे लिहिलेले सर्व काही पाळीव शेळी-बोकड आणि मेंढी यांच्या कातड्यापुरतेच आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे, आणि बिबट्या, हरीण किंवा अन्य वन्यप्राणी मृत सापडला तरी त्याचे कातडे सापडणाऱ्याचे होत नाही. ते शासनाची मालमत्ता ठरते आणि ४८ तासांच्या आत वन विभागाला किंवा पोलिसांना कळवावे लागते. निफाड, सिन्नर, दिंडोरी या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर नेहमीचा असल्याने हा प्रश्न येथे केवळ पुस्तकी नाही. आजोबा-पणजोबांच्या काळापासून भिंतीवर असलेल्या जुन्या कातड्यालाही मालकी प्रमाणपत्र लागते. वाघ्या-मुरळीच्या दिमडीला, म्हणजे त्यांच्या छोट्या डफाला, पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत असत. घोरपड आता कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे दिमडीसाठीही बोकडाचेच कातडे घ्यावे. ते चांगले वाजते, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

केस नेमके कशामुळे सुटतात

ताज्या कातड्यात ६० ते ७० टक्के पाणी असते आणि बोकडाच्या शरीराचे तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस असते. रक्ताभिसरण थांबताच दोन प्रक्रिया सुरू होतात. पेशींमधील विकरे (एन्झाइम) पेशींनाच विरघळवू लागतात, आणि केसांवरील धूळ, शेण, रक्त यांच्यासोबत असलेले जिवाणू वाढू लागतात. कातड्याचा जाड, बळकट भाग कोलॅजनचा, म्हणजे चिवट प्रथिन-तंतूंचा असतो. तो लवकर हार मानत नाही. केसांची मुळे मात्र वरच्या कोवळ्या पेशींच्या थरात बसलेली असतात आणि जिवाणू प्रथम त्याच थरावर तुटून पडतात. म्हणूनच कातडे हाताला मजबूत लागते, वासही फारसा येत नाही, पण केसांची पकड आतून गेलेली असते. त्यानंतर कितीही मीठ लावले तरी सैल झालेले केस पुन्हा घट्ट होत नाहीत. मीठ त्या क्षणी असलेली अवस्था जशीच्या तशी थांबवते, बिघडलेले दुरुस्त करत नाही. कमावणाऱ्याने कातडे पाण्यात भिजवले की ते जुने नुकसान प्रथमच डोळ्यांना दिसते आणि आळ त्याच्यावर येतो.

चैत्र-वैशाखात मालेगावकडचा पारा सहज ४० अंशांच्या पुढे जातो. चंदनपुरीच्या खंडोबाला किंवा त्या भागातील एखाद्या ग्रामदैवताला सकाळी बोकड कापला, स्वयंपाक आणि पंगती उरकेपर्यंत कातडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून झाडाखाली ठेवले, आणि संध्याकाळी सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास करून नाशिकला आल्यावर मीठ लावले, तर मधल्या सात-आठ तासांत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. मांस नासू नये म्हणून आपण त्याची जेवढी घाई करतो, तेवढीच कातड्याची केली पाहिजे. दोन्ही एकाच जनावराचे आणि एकाच उन्हातले आहेत.

केस कोठे झडले, यावरून निदान

केस पोटावर, काखेत आणि जांघेत झडले असतील, तर सोलणे आणि मीठ लावणे यांत फार वेळ गेला, असे समजावे. या जागी कातडे पातळ असते, घाम आणि घाण साचलेली असते आणि आतड्यांची उष्णता सर्वांत जास्त वेळ तेथेच टिकते. पोटाकडच्या मांसाच्या बाजूला हिरवट झाक दिसत असेल, तर शंकेला जागाच उरत नाही; बोकड कापल्यानंतर तो बराच वेळ न सोलता पडून राहिला होता.

पाठीच्या मध्यावर किंवा मानेवर एखादाच तळहाताएवढा पट्टा बोडका झाला आणि बाकी केस घट्ट राहिले, तर कारण वेगळे असते. त्या जागी मांसाचा पापुद्रा किंवा चरबीचा थर शिल्लक राहिला होता आणि मीठ त्याच्या पलीकडे पोहोचलेच नाही. मेंढीच्या शेपटीच्या मुळाशी हे फार वेळा घडते. केस सरळ रेषेत झडले असतील, तर तेथे घडी पडलेली होती. घडीच्या आत मीठ गेले नाही आणि उष्णता मात्र कोंडली. कान आणि ओठांच्या कडा सोडवण्याचे काम फार किचकट असते, कानाची कूर्चा आतून मोकळी करावी लागते. शिवाय मुंडी भाजून खायची असल्याने आपल्याकडे बहुतेक जण कातडे मानेपाशीच कापतात, आणि ते योग्यच आहे.

घरी आल्यावर खात्री करायची असेल, तर पोटाकडचे पाच-दहा केस चिमटीत धरून हलकेच ओढावेत. जोर लावल्यावर एखादा केस तुटून आला, तर कातडे चांगले आहे. ओढताच मुळासकट पुंजका हातात आला आणि त्यासोबत पांढरट साय निघाली, तर केस वाचणार नाहीत, आणि ते कमावणाऱ्याला देण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे. त्याच्याशी होणारा निम्मा वाद तेथेच मिटतो.

जत्रेच्या ठिकाणी काय करावे

सोलणाऱ्या खाटकाला आधीच सांगून ठेवावे की कातडे केसांसह ठेवायचे आहे. असे सांगितले नाही तर तो साहजिकच मांस वाचवण्याकडे लक्ष देतो आणि सुरी कातड्याच्या बाजूने चालवतो. पोटाच्या मध्यरेषेवर चीर दिल्यानंतर सुरी शक्यतो बाजूला ठेवून मुठीने दाबत कातडे सोडवावे; बोकडाचे कातडे गरम असताना मुठीने सहज सुटते. सुरीचा ओरखडा त्या वेळी दिसत नाही, पण कातडे ताणल्यावर तेथेच भोक पडते.

सोललेले कातडे ताबडतोब सावलीत, केसांची बाजू खाली ठेवून, सपाट पसरावे आणि त्याची ऊब निघून जाऊ द्यावी. त्यासाठी अर्धा तास पुष्कळ होतो. ते गुंडाळून ठेवू नये, मांसाच्या भांड्यावर झाकण म्हणून टाकू नये आणि प्लॅस्टिकमध्ये तर मुळीच कोंबू नये. रक्त फार लागले असेल, तर पिण्याच्या स्वच्छ पाण्याने ते लगेच धुऊन पाणी निथळू द्यावे. नदीच्या किंवा जत्रेतल्या डबक्याच्या पाण्याने धुण्यापेक्षा न धुणे बरे, कारण त्या पाण्यातून नवे जिवाणू केसांत शिरतात. नंतर मांसाचे तुकडे आणि चरबी बोथट सुरीने किंवा स्टीलच्या मोठ्या चमच्याच्या कडेने खरवडून काढावी. हे कंटाळवाणे काम टाळण्याचा मोह सर्वांना होतो. प्रत्यक्षात संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत जास्त फळ याच वीस-पंचवीस मिनिटांच्या कामाला येते, असे माझे मत आहे.

मीठ: कोणते, किती आणि कसे

मीठ घरून सोबत न्यावे. जत्रेत ऐनवेळी मिळते ते स्वयंपाकाचे एक-दोन पुड्यांचे बारीक मीठ, आणि तेवढ्याने भागत नाही. मध्यम बोकडाच्या ओल्या कातड्याचे वजन साधारण दोन किलोच्या आसपास भरते. ज्या कातड्याचे केस नंतर काढायचे आहेत त्याला वजनाच्या निम्मे मीठ पुरते, पण केसांसह ठेवायचे असेल तर वजनाइतकेच मीठ हाताशी असावे. दाणा मध्यम हवा. अगदी बारीक मीठ जागोजागी थापले जाऊन त्याचा गोळा होतो, तर मोठे खडे कातड्यावर टिकत नाहीत आणि त्यांच्यामध्ये मोकळ्या जागा राहतात. पशुखाद्याच्या दुकानात मिळणारे जाडे मीठ थोडे कुटून घेतले की उत्तम काम होते. मात्र जनावरांना चाटण्यासाठी असलेल्या रंगीत खनिज विटा कुटून वापरू नयेत, कारण त्यांतील लोहाचे डाग कातड्यावर पडतात. एकदा वापरलेले मीठ झाडून पुन्हा दुसऱ्या कातड्यासाठी ठेवण्याची पद्धतही सोडून द्यावी. तिच्यातून एक वेगळेच दुखणे उद्भवते, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

मीठ फक्त मांसाच्या बाजूला लावायचे असते. मध्यापासून कडेपर्यंत हाताने चोळत जावे. कडा, पायांच्या पट्ट्या, मानेच्या वळ्या आणि शेपटीचा भाग मुद्दाम उलगडून तेथे मीठ भरावे. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर जसे पाणी सुटते, तसेच काही वेळात कातड्यालाही सुटते, आणि हे पाणी वाहून गेले पाहिजे. कातडे त्या पाण्यातच बसून राहिले, तर खालच्या भागात मिठाचे प्रमाण कमी पडते आणि तेथे केस सुटतात. म्हणून जमीन थोडी उतरती असावी किंवा कातडे फळीवर तिरके ठेवावे.

मीठच उपलब्ध नसेल, तर कोरड्या उन्हाळ्यात कातडे सावलीत, वाऱ्यावर, दोरीने चारही बाजूंनी हलके ताणून वाळवण्यास लगेच सुरुवात करावी. मुंजवाड किंवा नांदगावकडच्या कोरड्या हवेत हा उपाय चालतो. सुरगाणा, पेठ, हरसूलकडे पावसाळी हवा सुरू झाल्यावर त्याच्यावर विसंबू नये.

प्रवास

मीठ लावलेल्या कातड्याची मांसाची बाजू आत घेऊन सैल घडी घालावी आणि ती गोणपाटात ठेवावी. नाशिकच्या घराघरांत टोमॅटोची किंवा द्राक्षांची जाळीदार प्लॅस्टिक क्रेट सापडते. तिच्यात हे गोणपाट ठेवून खाली प्लॅस्टिकचा टब ठेवला, तर सुटलेले पाणी टबात जमते आणि चारही बाजूंनी हवा खेळती राहते. यापेक्षा चांगली सोय विकत घेऊनही मिळणार नाही. लोखंडी घमेले वापरू नये. मिठाचे पाणी लोखंडाला खाते आणि गंजाचे डाग कातड्यात उतरतात, शिवाय तेच पाणी गाडीच्या पत्र्यावर सांडले तर पत्राही गंजतो. डिकी बंद करून गाडी उन्हात उभी करू नये. वाटेत चांदवड-पिंपळगावला जेवायला थांबायचे असेल, तर गाडी सावलीतच लावावी. एसटीने यायचे असल्यास कातडे किमान एक रात्र निथळवून मगच आणावे. गळणारे, वास येणारे ओझे सहप्रवाशांच्या शेजारी ठेवणे बरोबर नाही.

बर्फाच्या पेटीतून आणण्याचाही मार्ग आहे, पण त्यात कातडे वितळलेल्या पाण्यात बुडता कामा नये. पाणी बाटल्यांत गोठवून त्या बाटल्या सोबत ठेवाव्यात. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अनेक जण मीठ लावलेले कातडे घरच्या फ्रीझरमध्ये ठेवून निश्चिंत होतात. संपृक्त मिठाचे पाणी उणे २१ अंशांच्या आसपास गोठते आणि घरचा फ्रीझर साधारण उणे १८ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे असे कातडे पूर्ण गोठत नाही. एक तर मीठ लावावे किंवा गोठवावे. गोठवायचे ठरवल्यास मीठ न लावता, पूर्ण थंड झालेले कातडे पातळ घडीत ठेवावे. जाड गुंडाळीच्या आतला भाग गोठायला फार वेळ लागतो आणि केस तेवढ्या वेळातही सुटतात.

घरी आल्यावर

दुसऱ्या दिवशी ओले झालेले सर्व मीठ झटकून टाकावे आणि तेवढेच नवे मीठ लावावे. ही दुसरी फेरी वगळणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि मीठ लावूनही कातडे खराब झाल्याची तक्रार त्यांच्याकडूनच जास्त येते. पहिल्या मिठाने पाणी ओढून घेतलेले असते, पण आतपर्यंत मुरण्यासाठी नव्या मिठाची गरज असते. दोन-तीन दिवसांनी कातडे निथळून कडक पण वाकवता येईल असे झाले, की ते सावलीत, गॅलरीत किंवा पडवीत आडव्या बांबूवर टाकावे. तारेवर टाकू नये. तारेचा डाग आणि घडीची रेघ दोन्ही पडतात.

उन्हात वाळवण्याची घाई हे दुसरे मोठे कारण आहे. तापलेल्या गच्चीवर किंवा पत्र्यावर टाकलेल्या ओल्या कातड्याचा वरचा थर तासाभरात कडक होतो, आतला ओलावा अडकतो आणि तेथे कूज सुरू होते. त्याहून वाईट म्हणजे ओले कोलॅजन ६० अंशांच्या पुढे आकसून सरसासारखे होऊ लागते. असे कातडे वाळल्यावर काचेसारखे चकचकीत आणि ठिसूळ दिसते, पाण्यात टाकले तरी नीट मऊ होत नाही आणि दुमडताना तडकते. त्याला उपाय नाही.

मांसाच्या बाजूला गुलाबी किंवा लाल डाग उमटले, तर ते रक्ताचे नसून मीठप्रिय जिवाणूंचे असतात. समुद्राच्या पाण्यापासून मिठागरांत तयार होणाऱ्या मिठात हे जीव मुळातच असतात आणि पुन्हा वापरलेल्या मिठात त्यांची संख्या वाढलेली असते. ओलावा आणि उष्णता मिळाली की ते पसरतात. डाग नुकतेच दिसले असतील, तर सर्व मीठ झटकून, पृष्ठभाग हलका खरवडून, ताजे कोरडे मीठ लावावे आणि कातडे थंड जागी न्यावे. लाली जुनी आणि खोल असेल, तर कमावणाऱ्याला दाखवूनच पुढचे ठरवावे.

पावसाळ्याविषयी वेगळे सांगितले पाहिजे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून घेते, आणि आषाढ-श्रावणात नाशिकची हवा अनेक दिवस त्याहून दमट असते. वैशाखात कोरडे झालेले कातडे आषाढात पुन्हा पाझरू लागते ते यामुळे. म्हणून जत्रेचे कातडे मृगाच्या आत कमावायला द्यावे, हा माझा ठाम सल्ला आहे. ते शक्य नसेल तर गोठवलेले कातडे फ्रीझरमध्येच राहू द्यावे. मिठाशिवाय नुसते वाळवलेले कातडे ठेवायचे असल्यास कातडी खाणाऱ्या किड्यांची भीती असते. तेथे डांबरगोळ्या ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा कातडे उलटून पाहावे.

केस गेलेच असतील तर

असे कातडे फेकू नये. केस सुटले असले तरी कोलॅजन शाबूत असेल, म्हणजे कातडे ताणल्यावर फाटत नसेल आणि अंगठ्याने दाबल्यावर पिठूळ होत नसेल, तर चुन्याच्या निवळीत भिजवून उरलेले केसही काढता येतात आणि हलगी, डफ, दिमडी किंवा संबळ यांसाठी ते उपयोगी पडते. वाद्याचे कातडे कमावलेले नसते. ते कच्चेच ताणून वाळवतात. मात्र त्यातील मीठ अनेक पाण्यांत धुऊन पूर्ण काढावे लागते. थोडेही मीठ उरले, तर दमट हवेत वाद्य सैल पडते आणि कितीही शेकले तरी सूर धरत नाही. वाद्य मढवणाऱ्याला पाठीचा एकसारख्या जाडीचा भाग लागतो आणि सुदैवाने केस आधी सुटतात ते पोटाचे, त्यामुळे बैठकीसाठी निकामी ठरलेल्या कातड्यातूनही एक-दोन चांगली पाने निघतात.

केस शाबूत राहिले आणि तुरटी-मिठाने कमावलेली बैठक तयार होऊन घरी आली, तर ती कधीही पाण्याने धुऊ नये. तुरटी पाण्यात विरघळून बाहेर पडते आणि कातडे पुन्हा कच्च्या अवस्थेकडे जाते. डाग पडल्यास पिळलेल्या फडक्याने केसांवरूनच पुसावे आणि सावलीत वाळवावे.

निथळलेले मिठाचे पाणी आणि झटकलेले मीठ बागेत, शेताच्या बांधावर किंवा नाल्यात टाकू नये. मिठाने जमीन नापीक होते आणि नाल्यातले पाणी शेवटी गोदावरीतच जाते. पाणी टबातच उन्हात आटू द्यावे, उरलेले कोरडे मीठ पिशवीत बांधावे आणि घंटागाडीत कोरड्या कचऱ्यासोबत द्यावे.